आमची कोठेही शाखा नाही

पुण्याच्या जुन्या पेठांमधल्या दुकानांवर एक वाक्य हमखास दिसायचं : आमची कोठेही शाखा नाही. बाहेरगावच्या माणसांना त्यात पुणेरी तोरा दिसतो. त्यावर विनोदही इतके झालेत की ते वाक्य मुळात कशासाठी होतं, हा प्रश्न कोणाला पडत नाही. मी छापखानेवाल्याच्या घरात वाढलो. नारायण पेठेत आमचा ट्रेडल होता. बिलबुकं, लेटरहेडं आणि हँडबिलं यांच्यावर घर चालायचं. त्यामुळे हे वाक्य मी आधी खिळ्यांत, उलटं वाचलं आणि मग पाटीवर सुलटं. दुकानदार ते छापून घ्यायचा त्यामागे धास्ती असायची. चार घरं सोडून कोणीतरी त्याच नावाची, त्याच रंगाची पाटी लावायचा आणि गिऱ्हाईक तिकडे वळायचं. आपल्याकडे ट्रेडमार्क नोंदवण्याचा कायदा आला १९४० साली. त्यानंतरही घाणीवर तेल काढणारा किंवा घरात उदबत्त्या वळणारा माणूस वकिलाची पायरी कशाला चढेल? त्याचा सगळा कायदा त्या पत्र्याच्या पाटीत होता. पाटी त्याची, भिंत त्याची, तिच्यावर काय लिहायचं तेही तोच ठरवणार.

गिऱ्हाईक ओढण्याच्या गोष्टी निघाल्या की लोक चटकदार जाहिरातींबद्दल बोलतात. माझ्या धंद्यातून पाहिलं तर हा सगळा इतिहास पाटी कोणाच्या भिंतीवर लागली आहे, याचा आहे.

हँडबिलाची घडण मला लहानपणीच पाठ झाली होती. वर ॥ श्री ॥, त्याखाली दुकानाचं नाव, मग ‘आमचे येथे’ अशी सुरुवात होऊन मालाची यादी, ‘माफक दरात’, ‘एक वेळ अवश्य भेट द्या’ आणि तळाला पत्ता. घर नंबर कोणी वाचत नसे, देव वाचत. खुन्या मुरलीधरासमोर, पासोड्या विठोबाजवळ, भिकारदास मारुतीमागे, हत्ती गणपती चौक. वडील पत्त्याचा टाइप नेहमी यादीपेक्षा एक माप मोठा घ्यायचे. दुकानदार म्हणाला, ‘अजून चार ओळी आमच्या परंपरेबद्दल घाला,’ की ते म्हणत, ‘घालतो, पण पंत, पत्ता आकसेल.’ पंत मग परंपरा मागे घेत.

पण हँडबिल पोचायचं सायकल जाईल तिथवरच. शहराबाहेरच्या गिऱ्हाइकाकडे दुकान पोचवलं ते टपालखात्याने, आणि तेही एकोणिसाव्या शतकात. १८७७ साली व्हॅल्यू पेएबलची, म्हणजे व्ही. पी.ची सोय सुरू झाली : मालकाने पार्सल टपालात टाकायचं, पोस्टमनने ते घरपोच न्यायचं, पैसे तिथेच मोजून घ्यायचे आणि मालकाकडे पाठवायचे. १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. १८८१च्या जानेवारीत ‘केसरी’ निघाला. चार वर्षांत तीन गोष्टी जुळून आल्या : माल कळायला वर्तमानपत्र, मागवायला कार्ड, पैसे द्यायला व्ही. पी. पुस्तकविक्रेते, वैद्य, घड्याळवाले, अत्तरवाले यांना एकाएकी खानदेशातलं आणि कोकणातलं गिऱ्हाईक मिळालं. ‘सूचीपत्र मोफत मागवा’ ही ओळ त्याच व्यवहारातली. २०१० साली फ्लिपकार्टने घरपोच मालाचे पैसे दारात घ्यायला सुरुवात केली तेव्हा काय तो गवगवा झाला! आमच्या आजोबांच्या पिढीला त्यात नवल वाटलं नसतं.

व्ही. पी.त एक ग्यानबाची मेख होती. पैसे मोजल्याशिवाय पार्सल फोडता येत नसे. न पाहिलेल्या दुकानावर विश्वास ठेवायचा कसा? त्यावर दुकानदारांनी काढलेला तोडगा म्हणजे प्रशस्तिपत्रं. सूचीपत्राच्या शेवटच्या पानांवर अमुक गावचे मामलेदार, तमुक गावचे वकील, हेडमास्तर यांचे ‘आपल्या औषधाने गुण आला’ असे अभिप्राय ओळीने छापलेले. त्यातले किती खरे होते हे विचारण्यात अर्थ नाही. आज मोबाइलवर पाच तारे पाहूनही आपण तेच विचारत असतो.

मासिकांनी यात आणखी भर घातली. काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला आणि छोट्या दुकानदाराला वर्षातून एकदा घराघरांत, तेही जपून ठेवल्या जाणाऱ्या पुस्तकात, जागा मिळाली. पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी उडी किर्लोस्करवाडीची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला १८८८ मध्ये सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली होती, पुढे लोखंडी नांगर केले आणि १९१० मध्ये वाडी वसवली. नांगर विकायचा तर शेतकऱ्याला आधी पटायला हवा. जाहिरातीचं काम पाहणाऱ्या शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. नावाप्रमाणे ती कारखान्याची बातमीपत्रिकाच होती. पण हळूहळू तिच्यात गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं आणि आवडीचं वाचन इतकं वाढलं की नावातली ‘खबर’ गळाली आणि मराठीतलं एक मोठं मासिक उभं राहिलं. आज जे तरुण ‘आधी ग्राहकाला काहीतरी उपयोगाचं वाचायला द्या’ असं व्यासपीठावरून सांगतात, त्यांना मी वाडीची वाट दाखवतो. शंकरराव स्वतः चित्रकार होते. स्वतःचं पान स्वतःच सजवायचं आणि दुसऱ्याच्या मेहेरबानीवर राहायचं नाही, ही दृष्टी त्यांना फार लवकर आली होती.

नंतरची पन्नास-साठ वर्षं मी भराभर ओलांडतो, कारण त्यात दुकानदार भाड्याच्या भिंती बदलत राहिला एवढंच. थिएटरात मध्यंतराआधीची काचेची स्लाइड. दलाल-मुळगावकरांच्या चित्राखाली दुकानाचं नाव छापलेली कॅलेंडरं. १ नोव्हेंबर १९६७पासून मुंबई-पुणे-नागपूर विविध भारतीवर सुरू झालेल्या जाहिराती, ज्या किराणावाल्याच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. १९७३ला आलेलं ‘कालनिर्णय’. आणि केबलच्या काळात सिनेमाच्या खालून सरकणारी पट्टी. या पट्टीचा मजकूर आम्ही टाइप करून द्यायचो. नायिका रडत असताना खालून ‘साड्यांचा भव्य सेल’ जायचा.

या भाड्याच्या भिंतींत एक भिंत वेगळी होती : टेलिफोनची यादी. फोनच मुळात दुर्मिळ होता, तेव्हा ज्याच्याकडे फोन त्याच्याकडे पत. धंद्यांप्रमाणे नावं लावलेली पिवळी पानं उघडली की मुंबईतले सगळे प्लंबर एका जागी सापडत. मुंबई-दिल्लीचे फोन महानगर टेलिफोन निगमकडे होते आणि यादी छापायचा हक्क आपलाच, असं निगमचं म्हणणं. टाटा प्रेसने जाहिरातदारांकडून पैसे घेऊन स्वतःची पिवळी पानं काढली. निगम कोर्टात गेलं. मुंबई उच्च न्यायालयात निगमची सरशी झाली, पण सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑगस्ट १९९५ रोजी निकाल फिरवला. न्यायालय म्हणालं की पैसे देऊन केलेली व्यापारी जाहिरात हीसुद्धा घटनेच्या एकोणिसाव्या कलमातल्या भाषणस्वातंत्र्यात येते, आणि ती वाचण्या-ऐकण्याचा लोकांनाही हक्क आहे. १९५९ साली हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात याच न्यायालयाने जाहिरातीला इतका मान दिला नव्हता. प्लंबरचा ‘आमचे येथे’ छापण्याचा हक्क मूलभूत ठरायला स्वातंत्र्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षं लागली.

त्या पंधरवड्याकडे मी नेहमी वळून पाहतो. ३१ जुलै १९९५ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. ३ ऑगस्टला हा निकाल. आणि १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. कोणी ठरवून केलेलं नव्हतं, पण त्या दोन आठवड्यांत दुकानदाराच्या पुढच्या तीस वर्षांचं सामान येऊन पडलं. अर्थात त्याला ते परवडणारं नव्हतं. साधं अक्षरी खातं अडीचशे तासांना पाच हजार रुपये, चित्रं दिसणारं हवं तर पंधरा हजार. अमेरिकेतून डॉट कॉम नाव घ्यायचं तर दोन वर्षांचे शंभर डॉलर, तेही परदेशात चालणाऱ्या क्रेडिट कार्डावर. आमच्या गल्लीत असं कार्ड कोणाकडे असणार? आपल्या देशाचं डॉट इन मुंबईच्या जुहूला एनसीएसटी या सरकारी संस्थेकडे होतं आणि त्याचे नियम असे की २००४ संपेपर्यंत सात हजारांच्या आसपासच नावं नोंदली गेली होती. २००५ साली ते दार सगळ्यांना उघडलं.

एव्हाना आमचे खिळे मोडीत गेले होते. जुळाऱ्याच्या जागी संगणक, केसमधल्या खिळ्यांच्या जागी श्रीलिपी, आणि बटर पेपरवर प्रिंट काढून ऑफसेटवाल्याकडे धावणारा मी. नव्या शतकाच्या तोंडावर दुकानदार विचारू लागले, ‘तुम्ही वेबसाइट करता का?’ कारण एकच : ‘समोरच्याची आहे.’

त्या पहिल्या साइट आठवल्या की हसू येतं. वर गोल फिरणारं ‘@’, खाली किती जण येऊन गेले ते दाखवणारा काउंटर, मध्ये संस्थापकांचा हार घातलेला फोटो आणि इंग्रजीत ‘आमच्या साइटवर आपले स्वागत असो’. काउंटर रोज वाढायचा, कारण मालक रोज उघडून पाहायचा. दुकान किती वाजता उघडतं हे कुठेच नाही. पुण्यात! जिथे एक ते चार कडी लावायची रीत, तिथे वेळ न लिहिणारा दुकानदार आणि ती न विचारणारा साइटवाला, दोघांनाही कर्वे रोडवरून उन्हात चालवत आणायला हवं होतं. ज्या माणसाने हँडबिलात पत्ता आकसू दिला नव्हता, त्याच्याच मुलाने साइटवर परंपरेला अख्खं पान दिलं आणि पत्ता ‘संपर्क’ नावाच्या शेवटच्या खणात लोटला.

मराठीचा आणखी एक घोळ होता. श्रीलिपीत किंवा आकृतीत टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर तोच फॉन्ट नसेल तर कचरा दिसायचा. वर्तमानपत्रंसुद्धा वाचकाला आधी फॉन्ट उतरवून घ्यायला सांगत. दुकानदाराचं गिऱ्हाईक इतकी खटपट कशाला करेल? म्हणून आम्ही मराठी मजकुराचं चित्र करून लावायचो. डोळ्यांना मराठी दिसे, पण शोधयंत्राला त्यातलं एक अक्षरही वाचता येत नसे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून होती. ती सामान्य माणसाच्या संगणकावर धडपणे उमटायला विंडोज एक्सपीचा काळ यावा लागला. बरहा हे सॉफ्टवेअर वापरून लोक मराठीत टाइप करू लागले तेव्हा कुठे ‘आमचे येथे’ हे शब्द शोधून सापडण्याजोगे झाले.

माझ्या हातून झालेल्या साइटींपैकी खऱ्या अर्थाने चाललेली साइट शुक्रवार पेठेतल्या एका पेटी दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांची. त्यांना फोटो नको होते, परंपरा नको होती. म्हणाले, ‘लोक पेट्या मारतात हो! त्यांना कसं वापरायचं ते सांगायचंय. तुम्ही नुसतं लिहून घ्या.’ मी लिहून घेतलं. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकतात, तेव्हा जोर करू नका. पेटी ओलीच्या भिंतीला लावून ठेवू नका. गाणं नसलं तरी रोज दोन मिनिटं भाता हलवा, म्हणजे सुरांवर मळ बसत नाही आणि झुरळं घर करत नाहीत. पालिताण्याचे सूर आणि जुने जर्मन सूर यांतला फरक कानाने कसा ओळखायचा. आणि सगळ्यात शेवटी गुपित : पितळी सुराची जीभ टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो.

मुलगा चिडला. ‘बाबा, हे सगळं फुकट सांगितलं तर आपल्याकडे येणार कोण?’

‘येतील. वाचतील, घरी कानशीने घासतील, बिघडवतील आणि मग येतील.’

आणि आले. काही खरोखरच बिघडवून आले, पण बहुतेक जण ‘याला कळतं’ म्हणून आले. भजनी मंडळं आली, शाळा आल्या. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांमधून बोटीने पेटी कशी पाठवावी अशी विचारणा येऊ लागली. त्या पानाच्या वरच मी, वडिलांचा नियम पाळून, पत्ता, फोन आणि ‘गुरुवारी बंद’ एवढं मोठ्या अक्षरात ठेवलं होतं. ‘किर्लोस्कर खबर’ त्यांनी पाहिली नव्हती. त्यांना शंकररावांचा धडा उपजत येत होता.

दुसरीकडे भाड्याच्या भिंती परत उभ्या राहतच होत्या. १९९६ला मुंबईत जस्टडायल सुरू झालं : सात वेळा आठ फिरवा आणि तुमच्या भागातला सुतार विचारा. गिऱ्हाइकाची मोठी सोय झाली, पण नंबर लक्षात राहायचा तो जस्टडायलचा. सुताराचं नाव कागदाच्या कपट्यावर उतरायचं आणि हरवायचं. मग गूगल आलं. २०११मध्ये ‘छोट्या उद्योगांनो, ऑनलाइन या’ म्हणून फुकट साइट आणि वर्षभर फुकट नाव देऊ केलं, २०१४मध्ये नकाशावरच्या दुकानांची नोंद एका छताखाली आणली, २०१७मध्ये त्या नोंदीतूनच दहा मिनिटांत एकपानी साइट तयार होऊ लागली. माझ्या पोटावर पाय आला खरा, पण तक्रार करण्यात अर्थ नव्हता. नकाशाने देवांचे पत्ते जितके नीट पोचवले तितके आमच्या हँडबिलांनी कधी पोचवले नव्हते. मागून व्हॉट्सॲपने २०१८ला धंदेवाल्यांसाठी वेगळं ॲप काढलं आणि चकली-कडबोळ्यांचं सूचीपत्र थेट खिशात गेलं.

त्या एकपानी साइट गूगलने मार्च २०२४मध्ये बंद केल्या. थोडे महिने जुना पत्ता टाकला की नकाशावरच्या नोंदीकडे नेलं जाई, मग तेही थांबलं. बिलांवर, पिशव्यांवर, रिक्षांच्या पाठीवर छापलेले पत्ते जगभर एकदमच निरर्थक झाले. कंपनीने आगाऊ सूचना दिली होती, आणि फुकट दिलेली भिंत काढून घ्यायचा तिला हक्कही होता. दुकानदारानेच ती आपली समजली होती.

आपली कुठली, हे ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे : नाव कोणाच्या नावावर? कितीतरी दुकानांचं डोमेन साइट करून देणाऱ्या पोराने स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं असतं. पोरगा बंगळुरूला नोकरीला जातो, ईमेल बदलतो, मुदत संपते आणि वीस वर्षांचं दुकान एका सकाळी दिसेनासं होतं. ज्यांच्या आजोबांनी ‘आमची कोठेही शाखा नाही’ छापून नक्कलखोरांना दूर ठेवलं, त्यांचे नातू स्वतःच्या नावाचा सातबारा दुसऱ्याच्या खिशात ठेवतात, हे मला काही केल्या पचत नाही.

सरकारचं लक्ष अजून खऱ्या पाटीवरच आहे. २०२२च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली, अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालणार नाहीत असंही ठरलं, आणि सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिने दिले. पेंटरांना आणि फ्लेक्सवाल्यांना त्या दिवाळीत उसंत नव्हती. त्याच दुकानांच्या साइट मात्र इंग्रजीतच राहिल्या. देवनागरीत ‘डॉट भारत’ पत्ता घ्यायची सोय २०१४पासून आहे. आमच्या पेठेत तो घेतलेला दुकानदार मला तरी भेटलेला नाही. विचारलं की म्हणतात, ‘टाइप कोण करणार?’ प्रश्न खोटा नाही.

माझं आताचं काम थोडकं आहे. लक्ष्मीपूजनाला नव्या चोपड्या येतात तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांकडे चक्कर मारतो आणि पहिल्या पानावर, शुभ-लाभच्या खाली, डोमेनची मुदत कधी संपते ती तारीख आणि ते कोणाच्या ईमेलवर आहे हे त्यांच्याच हाताने लिहून घेतो. बाकीचे कुरकुरतात. सासवडचा एक चिवडेवाला मात्र म्हणाला, ‘काका, दर साली काय तारखा लिहायच्या? एकदम दहा वर्षांचं भरा आणि दिवाळीला नुसते फराळाला या.’ दहाच्या वर भरताच येत नाही, नाहीतर त्याने वीस वर्षांचं भरलं असतं.